चिठ्ठी जपणारे, चिठ्ठी फाडणारे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर "रात्री दोनला लॅबमध्ये करतोस तरी काय?" असं तू विचारलंस आणि मी हसून टाळलं. आज दोन नमुन्यांच्या मध्ये तासभर मोकळा आहे, म्हणून नीट सांगतो.

जनुकाची नक्कल म्हणजे एमआरएनए, म्हणजे पेशीतली संदेशाची चिठ्ठी, आणि तिच्यावरून प्रथिन, एवढं तुला शाळेपासून ठाऊक आहे. ती नक्कल टिकते किती, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. हिमोग्लोबिनमधल्या बीटा-ग्लोबिनची नक्कल दिवसभर सहज टिकते. पेशीला 'वाढ' म्हणून हुकूम सोडणाऱ्या मिक जनुकाची अर्ध्या तासात निम्मी संपते. असा हुकूम रेंगाळणं परवडणारं नाही, म्हणून तिच्या शेवटच्या भागात ए आणि यू या अक्षरांची दाटी असते. १९८६ साली शॉ आणि कामेन यांनी दुसऱ्या एका जनुकातला असाच ५१ अक्षरांचा तुकडा बीटा-ग्लोबिनला जोडला, तर तो दणकट संदेश भराभर नाहीसा व्हायला लागला! इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग आपल्या हातून एकदा तरी व्हावा, असं वाटतं.

अक्षरं नुसती खूण असतात. खरं काम त्यांना येऊन चिकटणारी प्रथिनं करतात. त्यातलं टीटीपी आलं की सोबत सीसीआर४-नॉट नावाची टोळी आणतं. ती नकलेची ए-ए-ए अशी लांब शेपटी कुरतडते. शेपटी गेली की दुसऱ्या टोकाची टोपी निघते आणि उरलेलं फस्त होतं. त्याच अक्षरांवर एचयूआर हे दुसरं प्रथिन बसलं तर नक्कल वाचते. (त्याच्या नावातलं 'एचयू' एका रुग्णाच्या नावावरून आलंय. फुप्फुसाच्या कर्करोगात अशा काही रुग्णांच्या रक्तात याच घराण्यातल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं सापडली होती.)

कर्करोगाच्या बऱ्याच गाठींमध्ये टीटीपी घटलेलं असतं, किंवा असूनही फॉस्फेट चिकटवून त्याला गप्प बसवलेलं असतं. एचयूआर एरवी केंद्रकात मुक्काम ठोकून असतं, ते तिथे बाहेर पेशीद्रवात उतरलेलं दिसतं. मग रक्तवाहिन्या ओढून आणणाऱ्या व्हीईजीएफचे आणि दाह वाढवणाऱ्या कॉक्स-२चे संदेश मरायचं नावच घेत नाहीत. त्या जनुकांत एकही बिघाड नसताना! सगळा दोष डीएनएच्या माथी मारायची आपली सवय मला म्हणूनच खटकते. एचयूआर अडवणारं औषध शोधायची खटपट चालू आहे, पण ते निरोगी पेशींनाही लागतंच, त्यामुळे मी फार हुरळून जात नाही.

आता रात्रीची गोष्ट. पेशींवर ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध घातलं की नव्या नकला थांबतात. मग ०, ३०, ६०, १२० मिनिटांनी पेशी उचलायच्या आणि जुन्या किती उरल्या ते मोजायचं. गेल्या आठवड्यात स्पिरिट लागलेल्या हातमोज्याने पेशींच्या प्लेटवर लिहिलेले ६० आणि १२०चे आकडे पुसले गेले. ज्यात संदेश कमी ती १२०ची, असं म्हणून भागवता आलं असतं. पण जे शोधायचं तेच आधी गृहीत धरलं असतं. दोन्ही प्लेट टाकून दिल्या. आज पुन्हा लावलंय, आणि आकडे झाकणावर लिहिलेत तसे बुडावरही लिहिलेत.

तुझाच,
रात्रपाळीवाला