हजेरीला हात वर केला तर चालेल का?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीला आहे. वय आठ वर्षं. तो बोलताना अडखळतो, 'ह' आणि 'स' वर जास्तच. सकाळी नाव पुकारलं की 'हजर सर' एवढंच म्हणायचं असतं, आणि त्याचं नेमकं तिथंच अडतं. तो तोंड उघडायच्या आत मागच्या ओळीतून सुरू होतं, 'ह-ह-ह-हजर'. मधल्या सुट्टीत पाचवीतली पोरं त्याला नळाजवळ अडवतात, 'हजर म्हण, मग सोडतो.' खिचडीच्या रांगेतून मागं ढकलतात. त्याचं नाव आता कुणी घेतच नाही, 'तोत्र्या' म्हणतात.

हे मला त्यानं सांगितलं नाही. मला कळलं ते पोटदुखीवरून. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखायचं, रविवारी दुखायचं नाही. दोनदा दवाखान्यात नेलं, जंताचं औषध दिलं. मग एक दिवस अंघोळ घालताना दंडावर चिमट्यांचे काळेनिळे डाग दिसले. कुणी केलं विचारलं, तर लेकरू नुसतं ओठ हलवत राहिलं.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनानंतर चार वाक्यं बोलायला गुरुजींनी त्याचं नाव घेतलं. मुद्दाम नव्हे, चांगल्या मनानंच घेतलं असेल. त्यानं आठ दिवस तयारी केली. गोठ्यात वासरापुढं उभा राहून 'स्वामी रामानंद तीर्थ' न अडखळता म्हणायचा, मी स्वतः ऐकलंय. वासरापुढं त्याचं अडत नाही. प्रार्थना, कविता सगळ्यांबरोबर म्हणतानाही अडत नाही. त्या दिवशी मैदानात 'स्वा' वर अडला आणि मागून पाच-सहा पोरांनी 'स्वा-स्वा-स्वा' धरलं. सगळं मैदान हसलं. हसणाऱ्यांत मोठी माणसंही होती, साहेब. ते मला अजून विसरता येत नाही. तेव्हापासून तो वर्गात बोलत नाही. घरीसुद्धा खुणेनं पाणी मागतो.

मी मुख्याध्यापकांकडं गेले. ते म्हणाले, "ताई, लेकरं आहेत. पोरांपोरांत चालायचंच. तुम्ही त्याला जरा धीट करा." जिथं रोज हसू होतं तिथं तो रोज दप्तर घेऊन जातोय. आणखी किती धीट करू?

मी ब्लाउज शिवते. माझ्या भाच्यानं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची प्रत काढून दिली, ती मशीनवर बसल्या बसल्या वाचली. कलम १७ मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. वाचून बरं वाटलं. पण पुढं लिहिलंय की कलम मोडणाऱ्यावर त्याला लागू असलेल्या सेवानियमांप्रमाणे कारवाई होईल. सेवानियम गुरुजींना असतात, पाचवीतल्या पोराला नसतात. म्हणजे एका लेकरानं दुसऱ्या लेकराचा छळ केला, तर काय करायचं याचा शब्द मला तिथं सापडला नाही. कलम ३२ प्रमाणे तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा आहे. तीन महिन्यांत आमचं पोरगं शाळा सोडून बसेल.

बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघड झाली, त्यानंतर आपल्या विभागानं तक्रारपेटी, सीसीटीव्ही, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांचे आदेश पुन्हा दिले. ते हवेच होते. आमच्या शाळेतही पेटी आहे, मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी. तिथं चिठ्ठी टाकताना आख्ख्या व्हरांड्याला दिसतं. तिसरीतल्या मुलानं काय लिहून टाकायचं? भिंतीवर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबरही रंगवलाय. ज्याला 'हॅलो' चा 'ह' निघत नाही, त्यानं फोन करायचा?

त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. मीही त्या समितीत आहे. बैठकीत तांदळाचा साठा, पाण्याची टाकी, कुंपण यावर तासभर बोलणं झालं. शेवटी मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दोन आया म्हणाल्या, आमच्याही पोरींना असंच होतंय. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचलं गेलं. त्यात आमच्या बोलण्याची नोंद एवढीच होती : 'इतर विषयांवर चर्चा झाली.'

साहेब, माझं गाऱ्हाणं या ओळीबद्दल आहे. जे लिहिलं जात नाही, ते घडलंच नाही असं होतं. अपघाताची नोंद होते, गैरहजेरीची होते, खिचडीच्या प्रत्येक किलोची होते. मुलानं मुलाला दिलेल्या त्रासाचीही एक नोंदवही शाळेत ठेवायला लावा. कधी, कुठं, काय झालं, शाळेनं काय केलं, आणि आठ दिवसांत पालकाला लेखी उत्तर. गटशिक्षणाधिकारी तपासणीला आले की ती वहीही उघडून बघतील.

त्या पोरांना शिक्षा करा म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांच्यात सगळ्यात पुढं असतो त्याचे आईबाप दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, तो आजीजवळ राहतो. त्याला अजून नीट वाचता येत नाही आणि त्याच्या वर्गात त्याचंही हसं होतं. कलम १६ मुळं त्याला शाळेतून काढता येत नाही, ते फार चांगलं आहे. दाखला हातात दिला तर तो थेट फडावर जाईल. त्याच्याशी बसून बोलणारं कुणीतरी हवं. गुरुजींना त्याचं प्रशिक्षण द्या.

आणि माझ्या मुलासारख्यांसाठी वाचा-उपचार करणारं माणूस महिन्यातून एकदा तरी तालुक्याला यावं. आम्ही पहाटेच्या रेल्वेनं छत्रपती संभाजीनगरला जातो, रात्री परततो. माझी दिवसाची शिलाई बुडते, त्याची शाळा बुडते.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, समजते. हजेरीचं मात्र उद्यापासून करता येईल. मी गुरुजींना विचारलं, त्यानं 'हजर' न म्हणता नुसता हात वर केला तर चालेल का? ते म्हणाले, माझी हरकत नाही, पण वरून तसं पत्र आलं पाहिजे.

ते पत्र तेवढं पाठवा.

आपली,
तिसरीतल्या एका मुलाची आई,
जिल्हा परभणी