इंधन आयातीत परवान्याइतकाच नमुनाही महत्त्वाचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बेस ऑइल (वंगण तेलाचा कच्चा माल) म्हणून जाहीर केलेल्या मालात डिझेल सापडले, अशा बातम्या बंदरांवरून अधूनमधून येत असतात. किती कोटींचा माल पकडला, एवढेच त्यात असते. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल काय आला आणि खटला टिकला का, हे क्वचितच छापून येते. पाणी मुरते ते नेमके तिथेच.

आयईसी (आयातदार-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक) हाती आला की हवे ते इंधन आणता येते, हा नव्या व्यापाऱ्यांचा समज चुकीचा आहे. परकीय व्यापार धोरणात पेट्रोल, डिझेल आणि विमानाचे इंधन ‘स्टेट ट्रेडिंग’खाली येते. ते इंडियन ऑइलमार्फतच येऊ शकते, किंवा वाहतूक इंधनाच्या विक्रीचा अधिकार पेट्रोलियम मंत्रालयाने ज्यांना दिला आहे त्या कंपन्या आणू शकतात. हा अधिकार देण्याच्या २००२ च्या ठरावातील अटी नोव्हेंबर २०१९ मध्ये सैल झाल्या. तरीही किरकोळ किंवा घाऊक यांपैकी एका विक्रीसाठी २५० कोटी आणि दोन्हींसाठी ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य (नेट वर्थ) लागतेच. बेस ऑइलला असे बंधन नाही. शिवाय त्यावर १८ टक्के आयजीएसटी लागतो आणि त्याचे क्रेडिट मिळते. डिझेल जीएसटीबाहेर असल्याने त्यावर उत्पादन शुल्काइतके अतिरिक्त सीमाशुल्क आणि उपकर बसतात, ते परत मिळत नाहीत. खोट्या वर्णनाचा मोह होतो तो यामुळे.

दुसरे दार पेसोचे, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेचे. पेट्रोलियम कायदा १९३४ आणि २००२ चे नियम फ्लॅश पॉइंटवरून (ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटते, त्यावरून) वर्ग ठरवतात. २३ अंश सेल्सिअसखाली ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ पर्यंत ‘ब’, ६५ ते ९३ पर्यंत ‘क’. ‘ब’ वर्गाचे २५०० लिटर विनापरवाना ठेवता येतात, हे कलम ७ अनेक जण आयातीसाठीही पुढे करतात. ती सवलत फक्त साठवणूक आणि वाहतुकीपुरती आहे, आयातीला ती लागू नाही. जहाजावर पेट्रोलियम आहे हे कप्तानाने किंवा एजंटाने आधी जाहीर करायचे असते आणि कस्टम्सच्या परवानगीशिवाय ते उतरवता येत नाही. साठवणुकीच्या जागेचा परवाना माल निघण्यापूर्वीच हाती हवा. जहाज धक्क्याला लागल्यावर त्यासाठी धावाधाव केली, तर रोज डेमरेज (जहाज खोळंबल्याचा आकार) चढत जाते.

आता नमुन्याबद्दल. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४४ प्रमाणे नमुना मालकासमोर घ्यायचा असतो. प्रत्यक्षात आयातदार तिथे एखादा नवखा मुलगा पाठवतो आणि तो कागद न वाचता सही करतो. फ्लेक्सीटँकचा (कंटेनरमधल्या लवचीक पिशवीवजा टाकीचा) कॉक उघडल्यावर आधी येते ते नळीतले आणि तळाचे द्रव. ते काही लिटर बाजूला न काढता बाटली भरली, तर तो टाकीतल्या मालाचा नमुना होत नाही. बाटली काचेची किंवा कोरडा, नवा पत्र्याचा डबा हवा. पूर्वी पेट्रोल भरलेल्या डब्याच्या तळाशी थोडेसे जरी उरले असेल, तरी डिझेलचा फ्लॅश पॉइंट बराच खाली येतो. उलट झाकण सैल राहिले तर हलके घटक उडून जातात आणि तो वर सरकतो. हाच आकडा कस्टम्सलाही लागतो आणि पेसोलाही, त्यामुळे एका सैल झाकणाने दोन्ही कायद्यांतली बाजू बदलू शकते. अहवालात फ्लॅश पॉइंटची चाचणी एबल पद्धतीची की पेन्स्की-मार्टेन्स पद्धतीची, हे आधी पाहावे. दोन पद्धतींचे आकडे शेजारी मांडून भांडण्यात अर्थ नाही.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात आयातदारांच्या बाजूने निकाल दिला. माल डिझेल असल्याचा दावा होता, पण आयएस १४६० या डिझेलच्या भारतीय मानकातील २१ कसोट्यांपैकी १४ च तपासल्या गेल्या होत्या. हे होते कारण सिटेन क्रमांकासाठी (डिझेल इंजिनात किती चटकन पेटते याचे माप) खास इंजिन लागते, वंगणक्षमतेसाठी वेगळे यंत्र लागते. घनता आणि ऊर्ध्वपातनावरून सिटेन निर्देशांक काढता येतो, पण तो क्रमांकाची जागा घेत नाही. अपुऱ्या चाचणीने प्रामाणिक आयातदाराचा माल महिनोन्‌महिने अडकतो आणि लबाड मात्र संशयाचा फायदा घेऊन सुटतो. दोन्ही तितकेच वाईट आहे.

मोजमापाचे त्यामानाने सोपे आहे. जुलै २०१६ च्या परिपत्रकानुसार शुल्क बिल ऑफ लेडिंगवरच्या (जहाजावर माल चढवल्याच्या पावतीवरच्या) आकड्यावर लागत नाही, किनाऱ्यावरच्या टाकीत मिळालेल्या मालावर लागते. त्यासाठी पंपिंगच्या आधी आणि नंतर डिप (टाकीतल्या द्रवाची खोली), तळाच्या पाण्याची पातळी, तापमान आणि घनता नोंदवून आकडा १५ अंशांवर आणावा. तापमानात १० अंशांचा फरक पडला तर १० हजार किलोलिटर डिझेलमागे सुमारे ८० किलोलिटर इकडचे तिकडे होतात. टाकीत न उतरता थेट शुल्क भरून सुटणाऱ्या मालासाठी जहाजावरचा अलेज (टाकीतल्या द्रवावरच्या रिकाम्या जागेच्या मोजणीचा) अहवाल धरला जातो.

बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टम्सकडे द्यायचे घोषणापत्र) जहाज येण्याच्या आदल्या दिवशीच भरावे. उशिराचे पहिले तीन दिवस रोज ५ हजार, नंतर रोज १० हजार रुपये लागतात. रासायनिक चाचणी बाकी असेल तर कलम १८ खाली तात्पुरते मूल्यांकन मागावे, आणि माल बंदरावर पडून राहू नये म्हणून कलम ४९ खाली गोदामात ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. गोदाम अर्थातच त्या वर्गाच्या पेट्रोलियमसाठी परवाना असलेले हवे.

आयातदारांनी माल चढवण्याच्या बंदरातच पूर्ण कसोट्यांचा अहवाल घ्यावा आणि सीलबंद राखीव नमुना आपल्याकडे ठेवावा. शासनाकडे मागणी एवढीच, की इंधन उतरवणाऱ्या मोठ्या बंदरांच्या सीमाशुल्क प्रयोगशाळांत सगळ्या कसोट्यांची यंत्रे आणि ती चालवणारी माणसे द्यावीत. तोवर प्रत्येक अहवालावर कोणत्या कसोट्या तपासल्या आणि कोणत्या राहिल्या, हे स्पष्ट छापावे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

आपला,
एक कस्टम ब्रोकर