सायलीला मुंबई दाखवायची म्हणतोस, तर

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आई शेजारी बसली होती म्हणून गप्प राहिलो. "दिवाळीत येतोय खरं, पण मुंबईत पैसे उडवल्याशिवाय करण्यासारखं आहे काय," असं तू म्हणालास. कंडक्टरच्या पोराने हे म्हणावं! मागच्या खेपेला टॅक्सी, मॉल आणि सिनेमा धरून एका दिवसात चार हजार घालवलेत आणि रात्री सोफ्यावर बसून कंटाळा आला म्हणालात. कंटाळा येणारच. विक्रोळीहून फोर्टला टॅक्सीने गेलं की पुढच्या गाडीची नंबरप्लेट तेवढी दिसते.

यंदा मी सांगतो तसं करा. एक दिवस खाडीपलीकडच्या उरणचा ठेवा. तो कसा, ते सविस्तर लिहितो, कारण तुला वाटेल म्हातारा काहीतरी सांगतोय.

सकाळी विक्रोळीहून स्लो लोकल पकडायची, सँडहर्स्ट रोडला उतरायचं. जिना चढून वरच्या हार्बर लाइनच्या फलाटावर जायचं आणि एकच स्टेशन, डॉकयार्ड रोड. तिथून भाऊचा धक्का चालत पंधरा-वीस मिनिटं. मासळीचा वास येईल, सायली धारवाडची, तिला आधी सांगून ठेव. धक्क्यावरून मोऱ्याची, म्हणजे उरणच्या बंदराची, लाँच सुटते. गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचचं तिकीट बरंच जास्त असतं, मोऱ्याचं कमी, आणि समुद्र तोच. मोऱ्याच्या लाँचमध्ये पर्यटक कमी. पिशव्या घेऊन निघालेल्या उरणच्या बायका, कामावरून परतणारे लोक, एखादी सायकल. पाऊण-एक तास लागतो. उभी राहिलेली मोठी जहाजं दिसतात, जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या दिसतात, आणि घारापुरीचा डोंगरही दिसतो.

एक सांभाळ. मोरा बंदरात गाळ फार. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, मधेच ताटकळत बसावं लागतं. मी एकदा तासभर बसलोय, उन्हात, शेंगदाणे संपल्यावर. तेव्हा भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेव. कॅलेंडरावरची तिथी बघितली तरी चालतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खूप खाली जाते.

मोऱ्याहून रिक्षाने उरण. तिथे पिरवाडीचा किनारा आहे, भेळ-बिळ खा. आता खरी गंमत ऐक. परत लाँचने यायचं नाही. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली आहे. उरण ते नेरूळ, नेरूळहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, ठाण्याहून विक्रोळी. म्हणजे गेलात पाण्यातून, आलात रुळावरून, आणि खाडीला पूर्ण वळसा पडला. उरणच्या गाड्या कमी आहेत, एक चुकली की बराच वेळ बाकड्यावर बसावं लागेल, म्हणून वेळापत्रक आधी बघ. रविवारी मेगाब्लॉक असतो, दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात, सबब शनिवार. सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट ५ रुपये आहे हे तुला आठवतं तरी का? लोकलचं एका दिवसाचं पर्यटक तिकीटही मिळतं, खिडकीवर मागावं लागतं. खूप उतर-चढ करणार असाल तर ते काढा.

दुसऱ्या दिवशी राणीबाग. पेंग्विनच्या रांगेत जीव काढू नका. तिथल्याच भाऊ दाजी लाड म्यूझियमच्या बाहेर दगडी हत्ती आहे तो बघा. घारापुरीला एलिफंटा हे नाव याच हत्तीमुळे पडलं, आणि हत्ती बेटावर नाहीच! १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना साखळी तुटली, हत्ती पडून फुटला. तुकडे इथे आणून ठेवले, ते १९१४ मध्ये जोडून उभा केला. लाँचमधून बेट दिसलं असेल, त्यानंतर हा हत्ती दाखवलास तर सायलीला मजा येईल. आधी नको. बुधवारी राणीबाग आणि म्यूझियम दोन्ही बंद.

संध्याकाळी सीएसएमटीहून ११५ नंबरची डबलडेकर. आता एसी आणि विजेवरची आहे. आमच्या जुन्या डबलडेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली, त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बसून आलो, आईला बँकेत जातो म्हणून सांगितलं होतं. आमच्या वेळी एका गाडीवर दोन कंडक्टर, एक खाली, एक वर. मी वरचा. वरची पहिली सीट रिकामी असली की शाळेची पोरं कशी धावत यायची ते तुला सांगायला नको, तूही त्यातलाच. एसीचं कमीत कमी भाडं १२ रुपये, साध्या बसचं १०. एनसीपीएला उतरून नरिमन पॉइंटच्या कट्ट्यावर बसा. काळा घोड्याला गेलात तर जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट लागत नाही.

नाटकाचं आई बघते आहे. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहाला काही चांगलं लागलं तर बाल्कनीची चार तिकिटं काढू. पुढच्या रांगा कशाला, ऐकायला सगळीकडे सारखंच येतं. (यावर तुझ्या आईचं आणि माझं लग्नापासून जमलेलं नाही.)

उरणला तुम्हीही जाणार का, असं आई मला विचारत होती. मी म्हटलं, दोघांनाच जाऊ दे. पण सायलीला चालणार असेल तर मला चालेल. लाँचमध्ये डाव्या बाजूला बसावं की उजव्या, ते तिथे पोचल्यावर सांगेन, ऊन बघून.

सायलीला आशीर्वाद. येताना दहा-वीसच्या सुट्या नोटा आण, तिथे कुणाकडे पाचशेचे सुटे नसतात.

तुझा,
बाबा