१ जुलै १८५७ : इंदूरचीही दखल घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्तावनच्या उठावावर मराठी वृत्तपत्रांत लिहिले जाते तेव्हा कानपूर, झाशी, ग्वाल्हेर येथेच लेखणी थांबते. इंदूरचा उल्लेख आलाच, तर ‘होळकर इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले’ एवढ्या एका वाक्यात. आम्हा इंदूरकर मराठी माणसांना हे वाक्य लागते. कारण याच तुकोजीराव होळकरांवर (दुसरे) इंग्रज अधिकाऱ्याने फितुरीचा ठपका ठेवला आणि तो मरेपर्यंत मागे घेतला नाही.

हा अधिकारी कर्नल हेन्री ड्युरँड. मध्य हिंदुस्थानसाठी नेमलेला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी हॅमिल्टन रजेवर असल्याने तिथला कारभार तेव्हा ड्युरँडकडे होता. १ जुलै १८५७ च्या सकाळी होळकरांच्याच तोफा इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे या इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावर, धडाडल्या. पुढाकार होता होळकरांच्या घोडदळातल्या सादत खानाचा. रेसिडेन्सीच्या रक्षणाला ठेवलेले भोपाळ कंटिंजंटचे (भोपाळ संस्थानच्या खर्चाने उभारलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचे) पायदळ आणि भिल्ल पलटण लढायला तयार होईनात. या फौजेचा प्रमुख कर्नल ट्रॅव्हर्स याने घोडा पुढे घातला, पण त्याच्यामागे मोजकेच स्वार गेले. दुपार व्हायच्या आतच ड्युरँडने रेसिडेन्सी सोडली. बायकामुलांना तोफांच्या गाड्यांवर बसवले आणि ही मंडळी सिहोरच्या वाटेला लागली. जे रेसिडेन्सीच्या इमारतीपर्यंत पोहोचू शकले नाहीत, ते तारखात्यातले आणि कचेरीतले नोकर मागेच राहिले. त्यांच्यातले कित्येक जण कुटुंबासह मारले गेले. यांच्याविषयी कोणीच लिहीत नाही, याचे मला वाईट वाटते.

महूची इंग्रज लष्करी छावणी इंदूरहून जेमतेम वीस-एकवीस किलोमीटर. तिथून कॅप्टन हंगरफोर्ड तोफा घेऊन मदतीला निघाला होता. ड्युरँड निघून गेल्याचे वाटेतच कळल्यावर तो माघारी फिरला. त्याच रात्री महूची हिंदी शिपायांची २३ वी पलटण बिथरली आणि तिचा प्रमुख कर्नल प्लॅट मारला गेला. हंगरफोर्ड मात्र महूच्या किल्ल्यात टिकून राहिला आणि तिथूनच होळकरांशी पत्रव्यवहार करू लागला.

तुकोजीरावांचे वय तेव्हा बावीस. आपलीच फौज हाताबाहेर गेलेली, रेसिडेन्सीचा खजिना लुटला गेलेला. जीव वाचवायला आलेले युरोपीय आणि ख्रिस्ती त्यांनी वाड्यात घेतले होते. ४ जुलैला शिपायांनी त्यांची मागणी केली, तेव्हा महाराज स्वतः घोड्यावर बसून त्यांच्यासमोर गेले आणि तोंडावर नकार दिला. शिपाई खजिना घेऊन निघून गेले. वाड्यातली माणसे वाचली.

ड्युरँड परतला तो मुंबईच्या फौजेबरोबर, ऑगस्टच्या आरंभी. होळकरांच्या तोफांनी हल्ला केला म्हणून त्याला संशय आला, हे मी समजू शकतो. पण मदत वाटेत असताना आपण का निघालो, याचे उत्तर त्याला सरकारला द्यायचेच होते, आणि महाराजांना दोषी ठरवले की ते उत्तर आपोआप मिळत होते. या संशयाची किंमत संस्थानाने मोजली. उठावानंतर शिंद्यांना, भोपाळच्या बेगमेला मुलूख बक्षीस मिळाला. होळकरांना तसा मिळाला नाही. आणि स्वातंत्र्यानंतर आपण त्यांना ‘एकनिष्ठ’ म्हणून वेगळ्याच कारणाने बाजूला सारले. दोन्हीकडून एकच माणूस भरडला गेला.

सादत खान तर सतरा वर्षे हाती लागला नाही. १८७४ मध्ये पकडून इंदुरातच त्याला फाशी दिली. त्याचा उठाव आणि तुकोजीरावांचा नकार या एकाच आठवड्यातल्या, एकाच शहरातल्या गोष्टी. एकाला हुतात्मा म्हणताना दुसऱ्याला धन्याचा चाकर ठरवायची गरज नाही. निरपराधांना मारायला न देणे म्हणजे चाकरी नव्हे.

येत्या १ जुलैला आपल्या पुरवणीत इंदूर-महूवर एक सविस्तर लेख यावा, आणि तो केवळ ड्युरँडच्या अहवालाच्या आधारे लिहिलेला नसावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर