आई, रडले म्हणजे विश्वास उणा झाला असं नाही

प्रिय आई, पप्पा आणि आजी,

प्रभूच्या नावात सलाम.

मी बरी आहे. जेवते, झोपते, थंडीचे कपडे भरपूर आहेत; आजीला एवढं आधी वाचून दाखव. परवा फोनवर माझा आवाज भरून आला आणि तू विचारलंस, "प्रार्थना कमी पडतेय का गं?" तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

प्रार्थना सुटलेली नाही. रविवारी ड्यूटी लागली तरच उपासना चुकते. इथे पूर्व जर्मनीत बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे नाहीत हे खरं, पण म्हणून मीही तशीच होईन असं पप्पांनी मनात आणू नये.

इथल्या विश्वासणाऱ्यांची एक रीत मात्र मला कळता कळेना. जवळच हेर्नहूट नावाचं गाव आहे. मोराव्हियातून, म्हणजे आजच्या चेक देशातल्या एका भागातून, छळामुळे पळालेल्या ख्रिस्ती लोकांनी ते 1722 मध्ये काउंट झिन्झेनडॉर्फ या जर्मन सरदाराच्या जमिनीवर वसवलं. तिथे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी जुन्या करारातलं एक वचन चक्क चिठ्ठी काढून ठरवतात! सुमारे 1800 वचनांमधून, आणि तेही तीन वर्षं आधी. मग त्याला साजेसं नव्या करारातलं वचन विचार करून निवडतात. 1731 पासून ही पुस्तिका दर वर्षी निघते आहे. मी नोकरी करते त्या वृद्धाश्रमातल्या एक आजी चहाआधी ती उघडतात. देवाच्या वचनाची सोडत कशी काढायची, असं मला वाटायचं. आता वाटतं, बरंच आहे. नाहीतर आपण आपल्या सोयीचंच वचन उचलतो.

त्या आजींमुळेच मी बायबलमधला 1 राजे 19 हा अध्याय पुन्हा वाचला. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा, ईजबेल राणीच्या एका धमकीने रानात पळतो आणि झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला "तुझा विश्वास कुठे गेला?" असं विचारतच नाही गं आई. त्याला झोपू देतो. दूत भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो, उठवून खायला घालतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा खायला घालतो. वाट तुला झेपणार नाही, म्हणून खा, म्हणतो. बोलणं होतं ते पुढे होरेब डोंगरावर. तिथेही नुसता धीर नाही: पुढचं काम मिळतं, अलीशासारखा सोबती मिळतो.

म्हणून रात्रपाळी आणि भाषेची परीक्षा दोन्ही अंगावर आल्या, तेव्हा मी मोठ्या सिस्टरांना स्पष्ट सांगितलं. पाळ्या बदलून मिळाल्या. केरळची एक मुलगी आहे, तिच्यासोबत अभ्यास करते, प्रार्थनाही करते. मी खंबीर नाही, आई, पण माझी माती कशी आहे हे देवाला ठाऊक आहे. स्तोत्र 103 तूच पाठ करून घेतलं होतंस ना?

कर्जाचा हप्ता पाठवलाय. दादाच्या फीचे पुढच्या पगारात नक्की. आजी, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हते. पैसे पाठवले की झालं, असं मला एकदाही वाटलेलं नाही.

पुण्याच्या स्थळाचं पाळकसाहेबांनी चांगलं सांगितलं, आनंद आहे. मुलाशी बोलायला माझी ना नाही. पण परीक्षेचा निकाल लागेपर्यंत शब्द देऊ नका, आणि लग्नानंतर निदान कर्ज फिटेपर्यंत मी इथेच नोकरी करणार, हे पप्पांनी त्यांना आधीच सांगावं.

तुमची थोरली