इंटरफेरॉनच्या लेखातून नैराश्य का वगळलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंटरफेरॉनवरचा, म्हणजे शरीरातल्याच विषाणूंशी लढणाऱ्या प्रथिनाचं जे औषध करतात त्यावरचा, लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे हे मान्य. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी लावलेला शोध, फिनलंडमध्ये रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून केलेलं औषध, १९८६ मध्ये हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मिळालेली मान्यता, सगळं आलंय. आणि दुष्परिणामांना एक ओळ! ताप, अंगदुखी, थकवा. नैराश्याचं नावसुद्धा नाही. ज्यांच्या घरात हे इंजेक्शन येऊन गेलं त्यांच्यापैकी एकाला तरी विचारायचं होतं.

माझ्या थोरल्या भावाला हेपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या विषाणूने होणारा यकृताचा आजार, होता. १९८६ च्या अपघातात त्याला रक्त चढवलं होतं. हा विषाणूच मुळी १९८९ मध्ये ओळखला गेला, त्यामुळे त्या रक्तपेढीला मी बोल लावत नाही. निदान झालं २००९ मध्ये. आठवड्याला पेग-इंटरफेरॉनचं (शरीरात जास्त दिवस टिकणाऱ्या इंटरफेरॉनचं) एक इंजेक्शन आणि रोज रिबाविरिन या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या. शनिवारी संध्याकाळी सुई टोचली की रात्री हुडहुडी, वर दोन गोधड्या, पॅरासिटामॉल, आणि रविवार अंथरुणात. याची कल्पना दिली होती, घरची तयारी होती. पण पुढे दादा बोलेनासा झाला. नातवाच्या हातून फुलपात्र पडलं तरी अंगावर धावून जायचा आणि मग मोरीत दार लावून रडायचा. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली तरी हा माणूस बांधावर पाय ठेवीना. वहिनी म्हणायची, माझंच काहीतरी चुकत असणार. भावकीतल्यांनी बाहेरचं बघायला सांगितलं. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक लिहून दिलं.

शेवटी पुतण्याने इंजेक्शनच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडला. मुंगीएवढ्या अक्षरातलं इंग्रजी, पण त्यात स्पष्ट छापलं होतं: नैराश्य, आत्महत्येचे विचार. तो कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "सगळं सांगत बसलो तर पेशंट औषधच घेणार नाहीत." वहिनी शेजारी उभी होती. इतकी वर्षं झाली, ते वाक्य मला अजून बोचतं. पुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, दादा सावरला, इंटरफेरॉन बंद करावं लागलं नाही आणि विषाणूही गेला. आधी सांगितलं असतं तर औषध सुटलं नसतंच, वर वहिनीने ते महिने स्वतःला दोष देत काढले नसते.

हे काही आमच्याच घरात घडलेलं आक्रीत नव्हे. त्या उपचारात साधारण चारांतल्या एका रुग्णाला नैराश्य गाठायचं. इंटरफेरॉनमुळे रक्तातलं ट्रिप्टोफॅन हे अन्नातून मिळणारं द्रव्य घटतं, आणि मेंदूला मन ताळ्यावर ठेवणारं सेरोटोनिन तयार करायला तेच लागतं. शरीरातच घडणारी गोष्ट आहे ही, तिचा स्वभावाशी आणि बाहेरच्या बाधेशी काय संबंध?

हेपॅटायटिस सीला आता सोफोसबुव्हिर-डॅक्लाटासव्हिरच्या गोळ्या आहेत, बहुतेकांचं १२ आठवड्यांत भागतं, म्हणून लेखकाने इंटरफेरॉन इतिहासजमा केलं असावं. पण पॉलिसायथेमिया व्हेरासारख्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही दिलं जातं, तेही वर्षानुवर्षं. त्यासाठीच्या एका नव्या प्रकाराला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. हेपॅटायटिस बी आणि डीमध्येही ते वापरतात. त्या घरांतल्या बायकामुलांनी तुमचा लेख वाचून काय समजायचं?

आणखी एक. त्याच पानावर खाली काविळीच्या झाडपाल्याची जाहिरात आहे, "एका डोसात उतार". हेपॅटायटिस सीमध्ये बहुतेकांना कावीळ दिसतही नाही, आतल्या आत यकृत खराब होत राहतं. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात याची तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. ते लेखात नाही, आणि झाडपाल्याचा फोन नंबर मात्र ठळक टायपात! जाहिरात विभाग वेगळा असतो हे मला कळतं, पण पान तर तुमच्याच नावाने निघतं ना?

पुढच्या रविवारी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांकडून या औषधावर चौकट लिहून घ्यावी ही विनंती. आणि ती जाहिरात पुन्हा घेणार आहात का, ते याच सदरात कळवावं.

आपली,
एक वाचक, तासगाव