बूमरँगच्या फोटोपुढे कधी जाणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे तिथल्या मूळच्या) लोकांवर आपल्याकडे काही छापून आलं की फोटो ठरलेला, बूमरँग नाहीतर डिजेरिडू (त्यांचं लांब लाकडी फुंकवाद्य), आणि मजकुरात 'जगातली सगळ्यात जुनी संस्कृती' हे वाक्य असतंच. जुनी आहे हे खरंय, पण लिपी नसताना ती एवढी टिकली कशी हे कोणी विचारत नाही. माझ्या मते उत्तर त्यांच्या नात्यागोत्यात आहे.

त्यांच्यात बहुतेक ठिकाणी आईची बहीण आईच आणि वडिलांचा भाऊ वडीलच. आपण 'माय मरो पण मावशी जगो' नुसतं म्हणतो, तिथे हाकच एक. त्यामुळे चुलत-मावस भावंडं सख्खी झाली, मामे-आते मात्र वेगळी. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांत तर ८ गट आहेत, त्याला स्किन नेम म्हणतात (कातडीच्या रंगाशी काही संबंध नाही हां). पुरुषांची नावं 'ज'ने सुरू, बायकांची 'न'ने. जापालजारीचा मुलगा जुंगारायी आणि त्याचा मुलगा परत जापालजारी, म्हणजे आजोबा नि नातू एकाच गटात. लग्न कोणाशी जमेल, थट्टा कोणाची चालेल, सासूपासून जावयाने किती लांब राहायचं, सगळं ह्यावरून ठरतं.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते किर्दा आणि कुर्दुंगुर्लुचं. एखाद्या जागेवरचा, तिथल्या गाण्यांवरचा नि विधींवरचा हक्क ज्यांना वडिलांकडून येतो ते किर्दा, आणि त्याच जागेशी ज्यांचं नातं आईकडून ते कुर्दुंगुर्लु, ह्यांनी तयारी करायची, लक्ष ठेवायचं, चुकलं की टोकायचं. थोडक्यात मामाला भाच्याशिवाय स्वतःचाच विधी धड करता येत नाही! वही नाही, पुस्तक नाही, पण चूक पकडणारा माणूस नात्यातच बसवून ठेवलाय.

आता हे डोक्यात ठेवून 'स्टोलन जनरेशन्स'कडे, म्हणजे चोरून नेलेल्या पिढ्यांकडे बघा. साधारण १९१० ते १९७० मध्ये सरकारने आणि चर्चच्या मिशनांनी ह्या लोकांची मुलं घरातून उचलून नेली, १९९७ च्या चौकशी अहवालाचा अंदाज आहे की दर १० मुलांत १ पासून दर ३ मुलांत १ पर्यंत. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. आपण हे वाचतो ते आई-मुलाची ताटातूट म्हणून, तेवढ्यानेही पोटात कालवतं, पण ते पोर कोणाचातरी भाचा होतं, उद्या मामाची चूक पकडणारं होतं, ती जागाच रिकामी झाली ना.

आणि गंमत बघा, बाहेरून राहायला आलेल्या शिक्षकाला, अभ्यासकाला हे लोक एखादं स्किन नेम देऊन टाकतात, कारण नातं नसेल तर त्याच्याशी वागायचं कसं. त्यांच्याच नेलेल्या मुलांना मात्र मोठेपणी आपली आजी कोण हे शोधायला सरकारी फाईली उपसाव्या लागल्या. बूमरँग राहू द्या, पुढच्या वेळी ह्या फाईलींवर लिहायला सांगा कोणालातरी.

आपला,
एक नेहमीचा वाचक